समजा, पडदा आहे

शुक्रवारी संध्याकाळी रुग्णालयातल्या विभागाच्या प्रमुख बाईंचा फोन आला आणि त्यांनी आधी तब्येतीची चौकशी केली, तेव्हाच ताईने ओळखलं की आता गोड बोलून काहीतरी काढून घ्यायचा बेत आहे. इतक्या वर्षांत बाईंनी तिच्या तब्येतीची चौकशी फक्त सुट्टी नाकारताना केली होती.

"तुमच्यासाठी एक छान सोय झालीये," बाई म्हणाल्या.

"कसली?"

"चौकशीच्या टेबलावरचा फोन. सोमवारपासून. नुसतं बसून फोन घ्यायचे. कानांना ताण नाही, बोटांना ताण नाही. दुपारी चहा जागेवर."

ताईच्या कानांनी आणि बोटांनी कधी तक्रार केल्याचं तिला आठवेना. रुग्णालयातले डॉक्टर एक्स-रे आणि स्कॅन बघता बघता आपलं मत रेकॉर्ड करायचे. ती रेकॉर्डिंग तिच्या घरच्या कॉम्प्युटरवर येत, आणि ऐकून, टाइप करून, अहवाल तासाभरात परत जात. शाळा संपायच्या आत तिची दृष्टी गेली होती. पुढचं विज्ञानाचं शिक्षण तिने कानांनी केलं आणि नोकरीही कानांनीच धरली. कुठले डॉक्टर वाक्याचा शेवट गिळतात आणि कुठले वाईट बातमीच्या आधी नाकाने उसासा टाकतात हे तिला पाठ होतं. विभागात तिला कानसेनबाई म्हणत. तिलाही ते आवडायचं, फक्त ती तसं दाखवायची नाही.

"पण टाइपिंग का सोडायचं, मॅडम?"

"अहो, सोमवारपासून टाइपिंगचा नवा प्रोग्रॅम येतोय. नऊ वाजता त्याच्यावरच कामं वाटली जातील. ज्यांच्याकडे उघडलेला असेल त्यांना मिळतील. आमचे कॉम्प्युटरवाले म्हणाले, तुमच्याकडे तो उघडणारच नाही. तुमचा तो डेस्कटॉप की काय, तो फार जुना आहे."

"मग डेस्कटॉप बदलते."

"तुम्ही?" बाई म्हणाल्या. "आमचे कॉम्प्युटरवाले आता रजेवर गेलेत. उगीच कशाला त्रास करून घेताय. मला तुमची काळजी आहे म्हणून सांगते."

"नऊला बघू, मॅडम," ताई म्हणाली.

फोन घेण्यात तिला कमीपणा वाटत नव्हता. तिच्याच एका मैत्रिणीने जन्मभर ते काम उत्तम केलं होतं. पण मैत्रिणीला तिथे बसवलं होतं ते ती तिथे हवी म्हणून. ताईला बसवणार होते ते ती इथे नको म्हणून. या दोन्हींतला फरक साखर घोळलेल्या आवाजातसुद्धा ऐकू येतो.

शनिवारी दुपारी जेवण उरकून ती टेबलाशी बसली. तिच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स होतं, आणि लिनक्सची तिला आवडणारी गोष्ट अशी की त्यात गाभा वेगळा आणि डेस्कटॉप वेगळा. घर तेच ठेवून आतली मांडणी बदलावी, तसा डेस्कटॉप बदलता येतो: खिडक्या कशा उघडतात, यादी कुठे येते, कुठली कळ दाबली की काय होतं. डोळस माणसांना त्यात रंग आणि चित्रं दिसतात. तिच्या लेखी डेस्कटॉप म्हणजे बोटांचे रस्ते. जुन्या डेस्कटॉपमधले सगळे रस्ते ती झोपेत चालली असती, आणि म्हणूनच तो तिने इतकी वर्षं बदलला नव्हता. त्याबद्दल तिला आता थोडी चुटपुट लागली. रस्ता पाठ आहे म्हणजे तो चांगला आहे असं नाही.

पडद्यावर जे असेल ते वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमला ती मास्तर म्हणायची, कारण तो स्वल्पविरामसुद्धा सोडत नसे आणि कधी शाबासकी देत नसे. मास्तरांचा वेग तिने असा वाढवून ठेवला होता की दुसऱ्या कुणाला त्यातलं अक्षर कळू नये. तिच्या धाकट्या भावाच्या मते तो आवाज पत्र्यावर वाटाणे सांडल्यासारखा होता.

तिने टर्मिनल, म्हणजे नुसत्या टाइप केलेल्या सूचना घेणारी खिडकी उघडली, नव्या डेस्कटॉपचं नाव टाइप केलं आणि तो बसवायला सांगितलं. मास्तरांनी नावांची लांबलचक माळ वाचली, एवढं एवढं उतरवून घ्यावं लागेल म्हणाले, चालेल का विचारलं. चालेल. मग वाटाणे बराच वेळ सांडत राहिले. ती हाताची घडी घालून ऐकत होती. एका ठिकाणी मास्तर अडखळले, एक भाग पोचला नव्हता. तिने तो पुन्हा मागवला. सगळं जागच्या जागी बसलं.

इथे थांबायला हवं होतं. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर बिघडलं तर कशाने बिघडलं ते कळत नाही, हे ती दुसऱ्यांना नेहमी सांगायची. पण तिच्या घरात जास्तीची वस्तू राहू शकत नसे. वाटेत एक खुर्ची इकडची तिकडे झाली तरी तिच्या नडगीला फटका बसायचा. त्यामुळे नवं आलं की जुनं त्याच दिवशी बाहेर, ही सवय हाडात मुरलेली. एका म्यानात दोन तलवारी कशाला. तिने लगेच जुना डेस्कटॉप काढून टाकायला सांगितला.

मास्तरांनी विचारलं, नक्की काढायचा?

हो.

तिने कॉम्प्युटर बंद करून पुन्हा सुरू केला. ती घरात एकटीच, त्यामुळे तो पासवर्ड न विचारता थेट तिच्या खात्यात उघडे आणि मास्तर पहिला शब्द बोलत. आतला पंखा घरघरला, थोडा मंदावला. तिने वाट पाहिली. मास्तर बोलले नाहीत.

स्पीकर तपासला. फोनची तार त्याला लावली, फोन खणखणीत बोलला. म्हणजे स्पीकर ठीक. कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. शांतता. आणि परत जायला जुना डेस्कटॉप तिने स्वतःच्या हाताने घराबाहेर काढला होता.

पण मागचं दार होतं. फोनवरून, घरच्याच वायफायने, कॉम्प्युटरच्या आत शिरायची एक वाट तिने पूर्वी करून ठेवली होती. तिथे पडदा लागत नाही. नुसत्या सूचना टाइप करायच्या आणि उत्तरं फोनच्या आवाजात ऐकायची. ती आत गेली आणि हजेरी घेतली. कॉम्प्युटर सुरू होता. नवा डेस्कटॉप सुरू होता. मास्तरसुद्धा सुरू होते. वर्गात सगळे हजर, आणि कुणी तोंड उघडत नव्हतं.

हे तिला आवडलं. मेलेल्या यंत्रापेक्षा गप्प बसलेलं यंत्र केव्हाही बरं. गप्प बसण्याला कारण असतं, आणि कारण सापडतं. संध्याकाळपर्यंत तिने तीन-चार शंका तपासून खोडल्या. मग फोन खाली ठेवला. डोकं आंबलेलं असताना नवी शंका सुचत नाही, जुनीच कपडे बदलून येते.

रविवारी सकाळी धाकटा भाऊ आला. लहानपणी गोल होता म्हणून त्याचं नाव ढब्बू पडलं. आता काटकुळा झाला होता, पोरांचा बाप झाला होता, तरी नाव काही सुटलं नव्हतं. बायकोने दिलेला डबा त्याने ओट्यावर ठेवला आणि बहिणीजवळ येऊन उभा राहिला.

"कशी आहेस?"

"कॉम्प्युटर बोलत नाहीये. बाकी बरी आहे."

"बिघडवलास?"

"गप्प बसवलाय. अजून का ते कळलं नाही."

"ऊठ, मला बसू दे. डोळेवाला माणूस आलाय घरात, दोन मिनिटांत सांगतो काय दिसतंय ते." तो खुर्चीत बसला. खुर्ची करकरली. थोडा वेळ काहीच झालं नाही. मग तो म्हणाला, "ताई, मॉनिटर कुठाय?"

"तुझ्या घरी."

"माझ्या घरी कशाला असेल?"

"तूच नेलास. तुझा टीव्ही बिघडला होता तेव्हा. तुला काय उपयोग ह्याचा, म्हणालास, आणि पोरांना मॅच बघायचीये म्हणून काखोटीला मारून गेलास."

"हां. हो की." तो खजील झाल्यासारखा हसला. "त्याला तीन वर्षं झाली गं. म्हणजे तू तीन वर्षं नुसत्या भिंतीकडे तोंड करून टाइप करतेयस?"

"आधीही तसंच करत होते. तेव्हा मध्ये मॉनिटर होता, एवढंच."

ढब्बूने माऊस इकडेतिकडे हलवला आणि सोडून दिला. "मग मी काय करू? तुझं बरंय, तुला पडद्यावाचून चालतं. आम्हाला समोर पडदाच नसला तर बघायचं कुठे आणि सांगायचं काय? बसतो आपला हात बांधून."

ताई पाणी घ्यायला निघाली होती, ती दारात थांबली.

"काय म्हणालास?"

"काय म्हणालो? चिडू नकोस, मी गमतीने..."

"नाही, बरोबर म्हणालास. ऊठ तिथून."

तिने फोन घेतला, मागच्या दाराने पुन्हा आत गेली आणि काल न विचारलेला एकच प्रश्न विचारला: तुला पडदे कुठले कुठले जोडलेले आहेत? फोन तटस्थपणे म्हणाला, एकही नाही.

ती हसायला लागली.

"अरे, तो तुझ्यासारखा आहे," ती म्हणाली. "जुना डेस्कटॉप भोळा होता. मॉनिटर काढून नेला तरी तो आपला मनातल्या मनात पडदा धरून काम करत राहिला. हा नवा शिस्तीचा आहे. पडदा नाही, तर खिडकी कुठे उघडू? खिडकीच उघडली नाही तर मास्तर वाचणार काय? सगळे आपापल्या जागी हात बांधून बसलेत."

"म्हणजे आंधळ्या माणसाचा कॉम्प्युटर पडदा नाही म्हणून अडून बसलाय?"

"तेच."

"ह्याला म्हणतात दैव." तो उठून किल्ल्या शोधू लागला. "थांब, मी घरी जाऊन मॉनिटर घेऊन येतो. पोरं बोंबलतील, बोंबलू देत."

"नको."

"नको काय? रोग कळला, औषध माझ्या घरी आहे."

"मला ज्याचा उपयोग नाही ते टेबलावर कशाला ठेवू? जागा अडेल, वर विजेचं बिल. मी त्याला सांगते की पडदा आहे."

"कॉम्प्युटरला थाप मारणार?"

"थाप नाही, गृहीतक. शाळेत बाई 'समजा क्ष' म्हणायच्या तेव्हा तू उठून विचारायचास का, क्ष कुठाय म्हणून?"

"मी विचारलं होतं," ढब्बू म्हणाला. "मला बाकावर उभं केलं."

ती कॉम्प्युटरच्या मागे वाकली आणि बोटाने खोबण्या चाचपल्या. मॉनिटरची तार लागते ती रुंद, तिरक्या कोपऱ्यांची खोबणी एकच होती, आणि तिच्यात धूळ साचली होती. मग खुर्चीत बसून तिने फोनवरून त्या खोबणीचं नाव शोधलं. कॉम्प्युटर सुरू होताना सगळ्यात आधी काही सूचना वाचतो. त्यांच्या शेवटी तिने आणखी एक छोटी सूचना जोडली. या खोबणीला पडदा लावलेला आहे असं धरून चाल, एवढाच तिचा अर्थ. टाइप केलेलं तिने फोनकडून अक्षर न् अक्षर परत वाचून घेतलं. एक टिंब चुकलं होतं, ते सुधारलं.

"आणि नाही चाललं तर?" ढब्बूने विचारलं.

"चालेल."

"पण समजा."

"तर तुझा मॉनिटर आहेच. पण चालेल."

ढब्बू थोडा घुटमळला. "ताई, खरं सांगू का? तुझ्या मॅडमनी मलाही फोन केला होता. मी आज तुला सांगायलाच आलो होतो की घे ते फोनचं काम. लोकांशी बोलणं होईल, दगदग नाही."

"मला वाटलंच. डबा उघडायच्या आधी तू 'कशी आहेस' विचारलंस."

"रागावलीस?"

"नाही. तुला काळजी वाटते, मॅडमनाही वाटत असेल. पण डॉक्टर काय बोलले ते मी ऐकते तसं तिथे कुणी ऐकत नाही, ढब्बू. हे मी फुशारकीने नाही सांगत, रोजचं काम आहे माझं. ते मी सोडणार नाही. बस आता शांत."

तिने कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. पंखा घरघरला आणि मंदावला. ढब्बूने श्वास रोखला होता. मग पत्र्यावर वाटाणे सांडले.

"काय म्हणाला?"

"नव्या डेस्कटॉपमध्ये स्वागत आहे म्हणाला. फेरफटका मारून दाखवू का, विचारतोय."

"मग मार की."

"माझा मी मारते."

फेरफटका सोपा नव्हता. जी कळ दाबल्यावर पूर्वी रेकॉर्डिंग सुरू व्हायचं, ती दाबल्यावर इथे खिडकी गायब झाली. दुसऱ्या एका कळेने तिला अशा जागी नेऊन सोडलं की मास्तर नुसतं "बटण, बटण, बटण" म्हणत राहिले. ती चिडली नाही. प्रत्येक नव्या रस्त्यावरून दोन-तीनदा जाऊन आली, कोपरे लक्षात ठेवले. काही वळणं खरंच पूर्वीपेक्षा जवळची होती, ती तिने तशीच ठेवली. जिथे बोटं हटवादीपणे जुन्याच कळेकडे धावत होती, तिथे ती कळ तिने नव्या कामाला जुंपली. सगळं शिकून घ्यायला हरकत नव्हती, पण सोमवार उद्यावर आला होता. मग तिने रुग्णालयाचा नवा प्रोग्रॅम बसवला. तो एका दमात उघडला, जणू काही झालंच नव्हतं.

"आता तू डॉक्टर हो," ती ढब्बूला म्हणाली. "माझ्या गोळ्यांच्या डब्यात एक कागद आहे, तो या फोनमध्ये वाच. भराभर वाच, आणि मध्येच खोकलास तरी चालेल."

ढब्बूने घसा साफ केला आणि रुबाबात सुरुवात केली. दुसऱ्याच ओळीत एका औषधाच्या नावाने त्याचे दात घशात घातले. त्याने ते नाव तीन तऱ्हांनी म्हटलं आणि तिसऱ्या तऱ्हेला स्वतःच फिसकला. ताईने रेकॉर्डिंग नव्या प्रोग्रॅममध्ये घेतलं, ऐकलं, टाइप केलं. बोटं दोनदा अडखळली, एकदा चुकीच्या दारात शिरली. दुसऱ्या खेपेला एकदाच अडखळली. तिसऱ्या खेपेला मास्तर मागे पडले आणि ती पुढे गेली.

"मी काय वाचलं ते तरी नीट आलं का?"

"आलं. तू औषधाला तीन नावं ठेवलीस, तीही आलीत."

"ती काढ ना मग."

"डॉक्टर बोलले ते मी काढत नसते," ताई म्हणाली. "खूण करते आणि विचारते. चल, डबा उघड."

सोमवारी ती साडेआठपासून टेबलाशी होती. नवा प्रोग्रॅम उघडा होता. नऊ वाजले, आणि मास्तरांनी रोजच्यासारखंच एक रेकॉर्डिंग आल्याचं सांगितलं. तिने हेडफोन चढवला. वाक्याचा शेवट गिळणारे डॉक्टर होते, पडलेल्या बाईच्या गुडघ्याचा एक्स-रे बघत होते. ते बोलत गेले, ती टाइप करत गेली. नवे रस्ते अजून थोडे खडबडीत होते, पण ते कुठे जातात हे बोटांना कळत होतं. शेवटच्या परिच्छेदाला तिने रेकॉर्डिंग जरा मागे घेतलं, एक शब्द पुन्हा ऐकला, पुन्हा मागे घेतलं, अगदी सुरुवातीला. मग अहवालाच्या त्या जागी खूण करून दोन ओळींचा प्रश्न लिहिला आणि पाठवून दिला.

दुसरं रेकॉर्डिंग अर्ध्यावर असताना फोन वाजला.

"शुभ प्रभात," प्रमुख बाई म्हणाल्या. "मी काय म्हणते, त्या फोनच्या टेबलाचं मी बोलून ठेवलंय. तुम्ही अकरापर्यंत आलात तरी..."

"एक मिनिट, मॅडम, डॉक्टर बरगड्यांपाशी आलेत." ताईने वाक्य पुरं केलं आणि रेकॉर्डिंग थांबवलं. "हं, बोला."

"म्हणजे प्रोग्रॅम उघडला?"

"नऊला उघडलेला होता. पहिला अहवाल तुमच्याकडे येऊन पडला असेल, बघा."

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज आला, मग बाईंचा पुटपुटत वाचल्याचा. त्यांनी अहवाल शेवटपर्यंत वाचला.

"आलाय," बाई म्हणाल्या. "पण यात तुम्ही प्रश्न लिहिलाय."

"डॉक्टर सुरुवातीला उजवा गुडघा म्हणाले आणि शेवटी डावा. शेवटचा शब्द ते नेहमी गिळतात, म्हणून तीनदा ऐकला. डावाच म्हणालेत. मी माझ्या मनाने बदललेलं नाही. पट्टी बांधायच्या आत त्यांना विचारून घ्या."

पलीकडे खुर्ची मागे सरकली.

"विचारते. आत्ताच विचारते." त्यांच्या आवाजातली साखर गेली होती. उरला तो कामाचा कोरडा आवाज, आणि तो ताईच्या कानाला जास्त बरा वाटला. "आणि फोनच्या टेबलावर मग..."

"तिथे कुणाला बसवायचं ते तुम्ही ठरवा. ज्याला ते काम आवडेल असं कुणी बघा. मी इथे आहे."

"हं," बाई म्हणाल्या. "तीन जणांचे प्रोग्रॅम अजून उघडलेले नाहीत. त्यांची रेकॉर्डिंग पडून आहेत. दोन जास्तीची घ्याल?"

"पाठवा."

"त्यातलं एक त्या घास तोंडात ठेवून बोलणाऱ्यांचं आहे, आधीच सांगते."

"पाठवा, मॅडम. घासाच्या आतलंही ऐकू येतं," ताई म्हणाली, आणि बरगड्या जिथे सोडल्या होत्या तिथून तिने रेकॉर्डिंग पुढे चालू केलं.